स्वभावाची सवलत कोणाला?

कोणी आजचे काम उद्यावर ढकलतो, कोणी चार दिवस आधीच उरकून मोकळा होतो. एकाला पहाटे सुचते, दुसऱ्याचे डोके दिवेलागणीनंतर चालू लागते. वेळ कसा वापरायचा हे बरेचसे स्वभावावर ठरते, ही गोष्ट आपल्यापैकी कोणालाच नवी नाही. पण हा स्वभाव समजून घेण्याचे औदार्य आपण कोणाला दाखवतो आणि कोणाला नाकारतो? माझा आरोप सरळ आहे. खान्देशातल्या आपल्या समाजाने स्वभावाचीसुद्धा मक्तेदारी करून टाकली आहे.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक अध्याय. १८ रविवारांत १८ अध्याय पुरे. ती प्रवचने उतरून घेणारे साने गुरुजी वेगळ्याच घडणीचे होते. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. एकाचे काम नेमाने चाले. दुसऱ्याचे मन भरून आले की हात थांबत नसे. या दोघांत वेळेचा पक्का कोण, असे कोणी विचारले नाही. दोघांनाही आपण डोक्यावर घेतले आणि ते योग्यच झाले.

आता बहिणाबाई चौधरींकडे पाहा. असोद्याची ही लेक जळगावात नांदली. तिला गाणी सुचली ती जात्यावर आणि शेतात, हात कामात गुंतलेले असताना. लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी टिपून ठेवली तेवढी उरली. तिचे पुस्तक निघाले १९५२ साली, तिच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी. तिला निवांत बसायला एक दुपार कोणी दिली होती का? २०१८ साली आपण जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव दिले. घरातल्या बाईचा वेळ मात्र अजून सगळ्या घराच्या मालकीचाच ठेवला आहे.

मुलगा रात्री दोनपर्यंत जागून सकाळी नऊला उठला, तर आई कौतुकाने सांगते, “त्याचा अभ्यास रात्रीच होतो.” मुलगी सातला उठली तर तीच आई म्हणते, “सासरी कसं होईल हिचं?” सून शाळेत शिकवून दमून आली, तरी चहा तिनेच टाकायचा. दहा जणांच्या वेळा सांभाळणाऱ्या बाईची स्वतःची वेळ कोणती, हे घरात कोणाला माहीत नसते. मग तिलाच आपण ‘तुला नियोजन जमत नाही’ असे ऐकवतो. हा अन्याय आहे, आणि तो सुशिक्षित घरांतही रोज घडतो.

शिवारातही तेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके घेतात. त्याच आखाजीला सालदाराचे साल ठरते. एका रकमेत एका माणसाचे वर्षभराचे दिवस बांधले जातात. पहाटेचे शेण त्याचे, दुपारची वखरणी त्याची, रात्रीची लाईट आली की पाण्याचे बारे धरायला जाणेही त्याचेच. तो दुसऱ्या दिवशी अर्धा तास उशिरा आला की ‘कामचुकार’ ठरतो. पुढारी सभेला दोन तास उशिरा येतो, तेव्हा ‘साहेब कामात होते’ असे आपण अदबीने म्हणतो. उन्हात बसवून ठेवलेल्या मजुरांचे ते दोन तास कोणाच्या हिशेबात धरले जातात?

कोणी म्हणेल, मग शिस्त सोडून द्यायची का? मुळीच नाही. दवाखाना वेळेवर उघडला पाहिजे, गुरुजी वेळेवर वर्गात आले पाहिजेत, मजुरी ठरल्या दिवशी मिळाली पाहिजे. दुसऱ्याचा वेळ ज्याच्या हातात आहे, त्याने स्वभावाचे कारण सांगूच नये. शिस्त आधी सत्तेने पाळायची असते. आपण ती दुबळ्यावर लादली आणि सबळाला मोकळे सोडले.

साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या विस्कटलेल्या वळकट्या न बोलता स्वतः आवरत. मुले लाजून आवरायला शिकली. दुसऱ्याच्या सवयीवर शिक्का मारण्याआधी त्याच्या कामाला हात लावावा, हा संस्कार याच मातीत झालेला आहे.

म्हणून आजपासून एवढे करा. वयात येणाऱ्या मुलांची झोप रात्री उशिरा सरकते, हे शरीराचेच वळण आहे. मुलाला समजून घेता, तसेच मुलीलाही घ्या. घरातली कामे पुरुषांनी वाटून घ्यावीत आणि बाईला रोज एक तास असा द्यावा, ज्याचा हिशेब कोणी मागणार नाही. येत्या आखाजीला साल ठरवताना सालदाराची आठवड्याची सुट्टी आणि रात्रपाळीनंतरची विश्रांती आधी ठरवा, रक्कम नंतर. आणि पाहुणा कितीही मोठा असो, सभा ठरल्या वेळी सुरू करा. स्वभाव प्रत्येकाला असतो. तो जपण्याचा हक्क मूठभरांना आणि त्याची शिक्षा बाकीच्यांना, ही वाटणी ज्या घरात आणि गावात चालते, तिथे वक्तशीरपणाच्या गोष्टी सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही.