शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आपल्या गावावर करा

सीमाभाग बातम्यांत कधी दिसतो? १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो तेव्हा. सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरतं तेव्हा. नाहीतर एखाद्या एसटीला काळं फासलं तर. बाकीचे दिवस आपण कसं शिकतो, कुठल्या भाषेत अर्ज भरतो, हे कुणी विचारत नाही. आणि खरं सांगायचं तर आपणही ते कुणाला नीट दाखवत नाही. तीस सेकंदांचा व्हिडिओ, मागे पोवाडा, वर दोन घोषणा. शेअर झाला, संपला.

मी बेळगावात राज्यशास्त्र शिकते. पत्रकारिता शिकणाऱ्यांना बऱ्याच विद्यापीठांत शेवटच्या वर्षी ‘कॅपस्टोन’ करावा लागतो. म्हणजे आजवर शिकलेलं सगळं एकाच विषयाला लावायचं. गटानं फिरायचं, मुलाखती घ्यायच्या, कागद मिळवायचे आणि मजकूर, फोटो, आवाज, व्हिडिओ, नकाशे एकत्र बांधून मांडायचे. बरेच जण तो मार्कांपुरता उरकतात. माझं म्हणणं एवढंच, की सीमाभागातल्या मुलांनी तो उरकू नये.

का, ते एका उदाहरणावरून बघा. अमेरिकेत अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या पत्रकारिता विभागातून ‘न्यूज ट्वेंटीवन’ नावाचा उपक्रम चालतो. वेगवेगळ्या विद्यापीठांतले विद्यार्थी आधी एक सत्र विषयाचा अभ्यास करतात, मग उन्हाळ्यात प्रत्यक्ष बातमीदारी करतात. २०१२ साली विषय होता मतदानाचा हक्क. दुसऱ्याच्या नावावर मतं पडतात असं सांगून अनेक राज्यं फोटो ओळखपत्राची सक्ती आणत होती. या २४ मुलांनी पन्नासही राज्यांकडे माहितीचे अर्ज टाकले. सन २००० पासूनची निवडणूक घोटाळ्याची २,०६८ कथित प्रकरणं गोळा केली. त्यात मतदान केंद्रावर दुसऱ्याच्या नावानं मत देण्याची प्रकरणं निघाली फक्त १०! सगळे कायदे त्यानं थांबले नाहीत. पण त्या वादात हा दहाचा आकडा येऊन बसला, आणि तो आणला कॉलेजच्या मुलांनी.

आता आपल्याकडे या. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली गेली, आपण तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३५०अ आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी पुरेशा सोयी कराव्यात. हे कलम आपण भाषणात ऐकतो. पण तुमच्या तालुक्यातल्या मराठी शाळांत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? पुस्तकं जूनमध्ये येतात की ऑगस्टमध्ये? किती शाळा बंद झाल्या? शाळेगणिक, वर्षागणिक याचा एक नकाशा केला तर तो दहा मोर्च्यांइतकं बोलेल.

माहिती अधिकारात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करता येतो. म्हणजे इथं मराठीतून नाही. ही गोष्टसुद्धा प्रोजेक्टचाच भाग आहे की! दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. कन्नड चांगलं लिहिणारा मित्र सोबत घ्या. असे मित्र आपल्याला असतातच.

दुसरं काम आवाजांचं. १९५६ साली जे वीस वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या घरात आहेत. १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातली माणसं आजोबा-आजी झाली. त्यांचं बोलणं त्यांच्या बोलीत, तारीख-ठिकाण पडताळून रेकॉर्ड करायला मोबाईल पुरतो. उद्या तेही जमणार नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी काहींना टोचेल. प्रश्न आपल्या घरालाही विचारायचे. मराठी शाळेचा पट घसरतो तेव्हा सगळा दोष सरकारचा असतो का? आपल्याच गल्लीतली किती मुलं पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेला जातात? हा आकडाही छापायचा. शेजारच्या कन्नड घरातही जाऊन बसायचं, त्यांचं म्हणणं ऐकायचं. आपल्याला नको असलेलं उत्तर लपवलं तर ती बातमी राहत नाही, ते पत्रक होतं. पत्रकं आपल्याकडे भरपूर आहेत.

कुणी म्हणेल, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, तिथं पोरांच्या प्रोजेक्टनं काय होणार? निकाल बदलणार नाही, मान्य. पण निकाल लागेपर्यंत इथं जगायचं आपल्यालाच आहे. पहिलीतल्या पोराला आज बाई हवी आहे, निकालानंतर नको.

म्हणून या वर्षी विषय निवडताना इंटरनेटवरून उचलू नका. पत्रकारितेचे दोघं, राज्यशास्त्राचा एक, कॉम्प्युटरवाला एक, असा गट करा. एकच गाव घ्या, एकच प्रश्न घ्या, सहा महिने सोडू नका. कॉलेज मार्क देऊन मोकळं होईल. जमवलेले कागद, आवाज आणि आकडे मात्र गावाकडे राहतील, आणि पुढच्या वर्षीची मुलं तिथून पुढं जातील.