घोंगडे भिजत कोणी ठेवले?

एखादा प्रश्न वर्षानुवर्षे निकालाविना पडून राहिला की आपण म्हणतो, 'हे घोंगडे भिजत पडले आहे.' नागर मराठीत घोंगड्याला उरलेली बहुधा ही एवढीच जागा. ज्याने भिजलेले घोंगडे प्रत्यक्ष उचलून पाहिले आहे, त्यालाच या वाक्प्रचाराचे खरे वजन कळते. ओली लोकर जड होते, लवकर वाळत नाही आणि पिळता तर येतच नाही. मराठीचे अध्यापक म्हणून आम्ही 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नासाठी हा वाक्प्रचार असंख्य वेळा फळ्यावर लिहिला. ती वस्तू कोण विणतो, हे मात्र विचारले नाही. तेव्हा पुढील विवेचनाचा रोख प्रथम आमच्यावर आहे आणि मग इतरांवर, हे आरंभीच सांगितलेले बरे.

काही वर्षांपूर्वी लोकसंस्कृतीवरील एका चर्चासत्राच्या आयोजनात आमचा सहभाग होता. म्हसवडच्या बाजूचे एक वयस्क विणकर आम्ही बोलावले होते. कार्यक्रमपत्रिकेत बीजभाषकांची नावे पदव्यांसह छापली होती, निबंधवाचकांची महाविद्यालयासह. आणि जेवणाच्या सुट्टीला लागून एक ओळ होती : 'प्रात्यक्षिक – घोंगडी विणकाम (स्थानिक कारागीर)'. निबंधवाचकांना मानधन मिळाले. मामांना एस.टी.चे भाडे, श्रीफळ आणि शाल मिळाली. त्यांनी शालीचे टोक अंगठा आणि तर्जनी यांत धरून चोळले आणि शेजारी बसलेल्या आमच्यापैकी एकाला हळूच विचारले, "ह्यात लोकर हाय का वो?" लोकर नव्हती, शाल अ‍ॅक्रिलिकची होती. आम्ही हसलो. ते हसणे आम्हाला अद्याप विसरता आलेले नाही. लोकरीत हयात घालवलेल्या माणसाचा सत्कार आम्ही प्लॅस्टिकच्या धाग्याने केला होता आणि त्यातली विसंगती सभागृहात केवळ त्यांनाच दिसली होती.

त्या चर्चासत्रात वाचल्या गेलेल्या निबंधांची भाषा आठवते. 'कथानकाची वीण', 'भाषेचा पोत', 'निवेदनाचे ताणेबाणे', 'आशयसूत्र', 'धागेदोरे'. आमची अवघी समीक्षेची परिभाषा मागावरून उचललेली आहे. 'ग्रंथ' या शब्दाच्या पोटात गाठ आहे, 'तंत्र' शब्दाच्या पोटात माग आहे, आणि ज्या 'टेक्स्ट' शब्दाभोवती आम्ही दोन दशके उत्तराधुनिक प्रदक्षिणा घातल्या त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थही विणलेले असाच आहे. म्हणजे रूपके विणकराची, आणि मान ते रूपक वापरणाऱ्याला! पोत हा शब्द आम्ही एखाद्या कादंबरीच्या संदर्भात ज्या सहजतेने वापरतो, त्या सहजतेने एखाद्या घोंगडीचा पोत आम्हाला ओळखता येईल काय? पहिल्या कातरणीची मऊ लोकर (तिला जावळ म्हणतात) आणि जुन्या मेंढीची राठ लोकर यांतला फरक आमच्या बोटांना कळत नाही. तो मामांच्या बोटांना डोळे मिटूनही कळतो. हे ज्ञान आहे, 'कसब' म्हणून हातावेगळे करण्याची गोष्ट नव्हे.

येथे एक प्रश्न येतो. मग या ज्ञानाला कला का म्हणू नये? उत्तर ठरलेले असते : घोंगडी उपयोगाची वस्तू आहे, ती पिढीजात साच्यातून निघते, तीत व्यक्तीचा आविष्कार नाही. हा निकष किती डळमळीत आहे हे तंतूंत काम करणाऱ्या कलावंतांच्याच चरित्रांवरून दिसते. १९४९ साली मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी १९७०च्या दशकापासून अंबाडी-तागासारख्या तंतूंचे दोर रंगवून, हाताने गाठी मारून, माणसापेक्षा उंच शिल्पे उभी केली. माग नाही, आराखड्याचे रेखाटन नाही. गाठीतून गाठ वाढत जायची. या कामाला शिल्प म्हणावे की हस्तकला, या प्रश्नाने त्यांचा दीर्घकाळ पाठलाग केला. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातील त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन जानेवारी २०१५च्या अखेरीस उघडले आणि फेब्रुवारीच्या आरंभी त्या गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन भरवले ते २०१९ मध्ये. मुंबईच्याच मोनिका कोरिया यांनी आपल्या मागावरची फणी काढून टाकली, उभे धागे मोकळे सोडले, आणि ते वळत-वाहत जाऊ लागले. हा प्रयोग म्हसवडच्या विणकराला समजावून सांगावा लागणार नाही. फणी काढली तर काय होते हे तो एका वाक्यात सांगेल, आणि कदाचित विचारील की बाई, मग पन्हा कसा राखता? त्याहीपूर्वी जर्मनीतल्या बाउहाउसमध्ये आलेल्या विद्यार्थिनींना विणकामाच्या कार्यशाळेकडे वळवले जाई. त्यांतल्या अ‍ॅनी आल्बर्स यांचे एकल प्रदर्शन १९४९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात झाले. वस्त्रकलावंताला तेथे मिळालेला तो पहिलाच मान.

तात्पर्य, धाग्याला कलेच्या घरात कुठेच सहज प्रवेश मिळालेला नाही. तो बायकांचा, हाताचा, पोटाचा उद्योग समजला गेला. पण एकदा दार उघडल्यावर आत गेले ते कोण? ज्यांच्याजवळ स्वतःविषयी लिहिणारे समीक्षक होते ते. मुखर्जी किंवा कोरिया यांच्या कर्तृत्वाला यात तिळमात्र उणेपणा नाही. उणेपणा आहे तो आम्हा लिहिणाऱ्यांचा. माणच्या मागाजवळ समीक्षक बसलाच नाही. बसले ते सर्वेक्षक आणि छायाचित्रकार.

आता त्या मागाकडे येऊ. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते. ती पिंजायची, बायकांनी सूत काढायचे, ताणा लांबवर ताणून त्याला चिंचोक्याची खळ द्यायची, कुंच्याने ती सारखी करायची, उन्हात वाळवायची आणि मग खड्ड्यातल्या मागावर पाय सोडून बसायचे. ही सगळी कृती हवामानाच्या स्वाधीन आहे. आभाळ भरून आले की खळ वाळत नाही. म्हणजे घोंगडीची गरज ज्या दिवसांत सर्वाधिक, नेमके त्याच दिवसांत ती तयार करणे सर्वांत अवघड. पावसाळा सरला की मेंढपाळांचे कळप चाऱ्यामागे बाहेर पडतात; लोकर त्यांच्याबरोबर हिंडते. माणसारख्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यात पाऊस हुकला की कळप विकले जातात. आणि कळप टिकला तरी लोकर टिकेलच असे नाही. मेंढी आता मांसासाठी पाळली जाते. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी नावाजली ती अंगाने; शेजारच्या फलटणच्या निंबकर संस्थेने 'नारी सुवर्णा' ही जुळी देणारी मेंढी घडवली ती मेंढपाळाच्या हातात चार पैसे जास्त यावेत म्हणून. हे योग्यच झाले. परंतु कातरणाऱ्याची मजुरीही लोकरीतून सुटत नाही म्हणून काळी लोकर उकिरड्यावर जाते, आणि थंडीत बाजारात ढीग लागतो तो पानिपतच्या, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून केलेल्या ब्लँकेटांचा.

एवढ्या अनिश्चिततेत एक माणूस बसून विणतो. आमचा खरा आक्षेप या 'अनिश्चितता' शब्दाच्या वापराला आहे. शहरातला कलावंत पुढचे प्रदर्शन मिळेल की नाही या विवंचनेत काम करतो, तेव्हा त्या विवंचनेला आपण सर्जनाची अस्वस्थता म्हणतो. मुलाखतीत तिच्याविषयी आदराने प्रश्न विचारतो. माणचा विणकर पुढची लोकर मिळेल की नाही या विवंचनेत काम करतो, तेव्हा त्याच स्थितीला 'लोप पावत चाललेला पारंपरिक व्यवसाय' हे नाव मिळते. पहिल्याला भविष्य आहे असे गृहीत धरून आपण बोलतो, दुसऱ्याविषयी श्रद्धांजलीच्या सुरात. जिवंत माणसासमोर असा सूर लावणे असभ्यपणाचे आहे, आणि आम्ही तो भर सभेत लावला होता.

यावर एक आक्षेप आमच्याच एका सहकाऱ्याने घेतला, आणि तो गंभीर आहे. तो असा : विणकाम हे सनगरांच्या वाट्याला जातीने आले, जातीने लादलेल्या श्रमाला 'कला' म्हणून गौरवणे म्हणजे त्या माणसाला पुन्हा खड्ड्यातच बसवणे नव्हे काय? आक्षेप निम्मा खरा आहे. माण, आटपाडी, खानापूर या पट्ट्यातली माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी भारतभर पांगली. कुणा विणकराचा मुलगा तशाच एखाद्या वाटेने बाहेर पडला तर त्याचा हिशेब अचूक आहे, आणि परंपरा मोडल्याचा दोष त्याला देणारे व्याख्याते स्वतःच्या मुलांना मागावर बसवणार नाहीत. तेव्हा मुलाने विणलेच पाहिजे असे आमचे म्हणणे नाही. मात्र जो विणतो आहे त्याला जातीचा प्रतिनिधी म्हणून उभे करणे, त्याचे नाव न छापता 'स्थानिक कारागीर' लिहिणे, हेच तर जातीचे बंधन घट्ट करणे होय. नाव छापल्याने तो व्यक्ती होतो. निबंधवाचकाइतके मानधन दिल्याने त्याचे बोलणे ज्ञान ठरते. इतकी साधी गोष्ट आहे, आणि तिला कुठल्याही महामंडळाची मंजुरी लागत नाही.

महामंडळांचे म्हणाल तर तेथील चित्र संमिश्र आहे. १९५२ पासून चालत आलेले अखिल भारतीय हस्तकला मंडळ आणि त्याच्या जोडीचे हातमाग मंडळ केंद्राने २०२० साली बरखास्त केले. उलट महाराष्ट्राच्या २०२३–२८च्या वस्त्रोद्योग धोरणाने पैठणी, हिमरू, करवतकाठी आणि खण यांच्या पंक्तीला घोंगडी बसवली आणि नोंदणीकृत विणकरांना उत्सव भत्ता देऊ केला. याचे स्वागत आहे. भत्ता सणाला उपयोगी पडतो. पण भत्ता हा मदतीच्या भाषेतला शब्द आहे आणि मानधन हा बरोबरीच्या भाषेतला, हे भाषेच्या शिक्षकांनी तरी ओळखावे.

आणि आम्हाला ते ओळखता यायला हवेच होते, कारण नेमका हाच वाद आम्ही साहित्यात लढलो आहोत. 'ग्रामीण साहित्य' यातले विशेषण सन्मानाचे की सवलतीचे, यावर मराठीत किती शाई खर्ची पडली! व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ला प्रादेशिकतेच्या कप्प्यात टाकणाऱ्यांवर आम्ही तुटून पडतो, ती प्रथम कादंबरी आहे असे बजावतो. माणदेशाने दोन्ही माडगूळकर दिले, शंकरराव खरात दिले, याचा अभिमान भाषणात मिरवतो. धनगरांच्या ओव्या आणि दैवते यांचे मोल आम्हाला पटले ते गुंथर सोंथायमर यांच्यासारखा जर्मन पंडित माळरानावर हिंडून गेल्यावर. तोच विवेक घोंगडीपाशी आल्यावर कुठे जातो? शब्दांचे विशेषण आम्हाला टोचते. धाग्याचे टोचत नाही. 'बनगरवाडी' शिकवताना आम्ही दुष्काळात पांगणाऱ्या वाडीबद्दल तासभर बोलतो. त्या वाडीच्या खांद्यावरचे वस्त्र मात्र शब्दार्थांच्या यादीत जाते : घोंगडी – जाड लोकरी पांघरूण. दोन गुणांसाठी तेवढे पुरते.

मोल्सवर्थच्या कोशात 'बुरणूस' सापडतो, लोकर दाबून केलेले पांघरूण. आमच्या पदव्युत्तर वर्गात हा शब्द विचारला तेव्हा एकाही हाताची हालचाल झाली नाही. खरे तर वर्गाआधी आम्हीही तो कोशातूनच घेतला होता. मागाच्या एकेका भागाला, लोकरीच्या एकेका प्रतीला, काठाच्या एकेका रेघेला जे शब्द आहेत ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. ते विणकरांच्या आणि सूत काढणाऱ्या बायकांच्या तोंडी आहेत. ते गोळा करायचे तर गोळा करणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर आणि सांगणाऱ्याचे ऋणनिर्देशात, ही नेहमीची रीत आम्हाला मान्य नाही. सांगणारा सहलेखक.

मामांना या वर्षी पुन्हा पत्र धाडले आहे. विषय त्यांनी ठरवावा, वेळ पाऊण तास, मानधन इतर वक्त्यांइतके, पत्रिकेत पूर्ण नाव, असे लिहिले. त्यांनी फोन करून एवढेच विचारले, की तारीख कोणती. आम्ही श्रावणातली सांगितली. "तवा नको," ते म्हणाले, "दिवाळी झाल्यावर धरा. ताणा तुमच्या अंगणात लावायचा तर ऊन पायजे." महाविद्यालयाच्या वार्षिक नियोजनात दिवाळीनंतर जागा नाही. ती कशी काढायची यावर सध्या विभागात वाद चालू आहे.