मग गाडी कोण चालवत होतं?

१० डिसेंबर २०१५ च्या दुपारी मी पुण्यात ऑफिसात होतो. चुलत-मावस भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, "भाई सुटला." पाठोपाठ फटाक्यांच्या इमोजींच्या रांगा. त्यातली एक रांग माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं दुसऱ्यांना शहाणपण शिकवल्यासारखं वाटेल.

तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत असतील, म्हणून थोडक्यात. २८ सप्टेंबर २००२ ला मध्यरात्र उलटून गेल्यावर वांद्र्यात सलमान खानची लँड क्रूझर एका लाँड्रीसमोर झोपलेल्या बेकरी कामगारांच्या अंगावर गेली. एक मेला, चार जखमी झाले. खटला बराच काळ निष्काळजीपणाच्या कलमाखाली दंडाधिकाऱ्यांसमोर चालला, मग सदोष मनुष्यवधाचं कलम आलं आणि सत्र न्यायालयात सगळं नव्याने सुरू झालं. ६ मे २०१५ ला पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच दिवशी उच्च न्यायालयातून तात्पुरता जामीन मिळाला आणि दोन दिवसांत शिक्षेला स्थगितीही मिळाली. जुलैमध्ये 'बजरंगी भाईजान' आला, आपण सगळ्यांनी पाहिला, रडलोही. डिसेंबरात न्यायमूर्ती ए. आर. जोशी यांनी निर्दोष सोडलं. गाडी तोच चालवत होता आणि दारू प्यायलेला होता, हे सरकार पक्षाला संशयापलीकडे सिद्ध करता आलं नाही, असं निकाल म्हणतो.

त्या दिवशी देशात दोनच प्रकारची माणसं दिसत होती. एक गॅलेक्सी अपार्टमेंटसमोर नाचणारी. दुसरी विनोद करणारी: गाडी आपोआप चालली, फुटपाथच गाडीखाली आला वगैरे. आपल्या घरांमध्ये तिसरं एक वाक्य होतं, हळू आवाजात म्हटलं जाणारं: "नाव खान आहे म्हणून तेरा वर्षं छळलं." मीही ते म्हटलंय. त्या रात्री गाडीखाली आलेल्या पाचही जणांची नावं मुसलमानांची होती, हे मात्र मला तेव्हा माहीत नव्हतं. बातमीत ती नावं होती. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

माझे एक मामू मिरजेत आयुष्यभर बेकरीत कामाला होते. रात्रपाळी. भट्टीच्या उष्णतेने आत झोपणं अशक्य, म्हणून काम संपलं की सगळे कामगार बाहेर पायऱ्यांवर पोती अंथरून आडवे व्हायचे. पहाटे पाव घ्यायला येणारी गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून जायची. मे महिन्यात शिक्षा झाली तेव्हा एका नामांकित गायकाने रस्त्यावर झोपणाऱ्यांची तुलना कुत्र्यांशी केली होती. ते ऐकून मामू चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "त्याला भट्टी दाखवायला पाहिजे एकदा." डिसेंबरात मी उत्साहाने फोन करून भाई सुटल्याचं सांगितलं तर त्यांनी विचारलं, "आणि ती पोरं? कुठली होती?" मला सांगता आलं नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण २१ जुलै २०२५. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात बाराच्या बारा जणांची शिक्षा रद्द केली. पाच जणांना फाशी झालेली होती, सात जणांना जन्मठेप. एक जण सुटकेचा दिवस न बघताच तुरुंगात वारला होता. कबुलीजबाब मारहाणीतून आलेले, त्यांतले काही भाग एकसारखे. टॅक्सीवाल्यांनी ओळख पटवली ती शंभराहून जास्त दिवसांनी. न्यायालयाने हे सगळं बाजूला सारलं. कॉपी-पेस्ट केलेला कोड आमच्याकडे ज्युनियर पोराचाही पास होत नाही. इथे त्यावर माणसं फासावर जाणार होती.

आणि लगेच प्रश्न आला: "मग बॉम्ब कुणी ठेवले?"

तोच प्रश्न. दहा वर्षांपूर्वी विनोद म्हणून विचारलेला, आता आरोप म्हणून. त्यावर आपल्या पोरांचं उत्तर अगदी बरोबर होतं: हे तपास करणाऱ्यांना विचारा, सुटलेल्यांना नाही. एकोणीस वर्षं त्यांची गेली, आणि गाडीत मेलेल्यांच्या घरच्यांनाही खरं उत्तर मिळालं नाही. पण मग २००२ च्या गाडीबद्दल आपण कुणाला काय विचारलं? संशयाचा फायदा हा आरोपीचा हक्क आहे. सलमानचाही होता, आणि तो त्याला मिळाला याबद्दल मी तक्रार करणार नाही. त्या निकालाची टिंगल करणाऱ्यांना हे कळत नव्हतं की तेच तत्त्व पातळ झालं तर पहिला बुडणारा कोण असतो. २०१५ च्याच सप्टेंबरात स्फोटांच्या त्या खटल्यातून शिक्षक अब्दुल वाहिद शेख नऊ वर्षांनी निर्दोष सुटले होते. त्यांच्यासाठी माझ्या ग्रुपवर एकही फटाका फुटला नव्हता. मला तर ते नावही पुढे दोन-तीन वर्षांनी कळलं.

आमच्या कामात एखादी तक्रार "कारण सापडलं नाही" असं लिहून बंद करता येते. तसं केलं तर मॅनेजर विचारतो, लॉग कुणी नीट ठेवले नाहीत? वांद्र्याच्या खटल्यात हेच विचारायचं राहिलं. मुख्य साक्षीदार म्हणजे अंगरक्षक शिपाई. त्याची नोकरी गेली आणि २००७ मध्ये तो क्षयाने वारला, सत्र न्यायालयातला खटला सुरू व्हायच्या कितीतरी आधी. गाडीत बसलेल्या गायक मित्राला सरकार पक्षाने साक्षीला उभंच केलं नाही. रक्ताच्या नमुन्याची हाताळणी न्यायालयाला भरवशाची वाटली नाही. अपघाताच्या वेळी मीच गाडी चालवत होतो, असं सांगणारा ड्रायव्हर तेरावं वर्ष लागल्यावर न्यायालयात उभा राहिला. यातल्या एकाही गोष्टीवर गॅलेक्सीसमोरचे बोलले नाहीत, विनोद करणारे बोलले नाहीत, मीही नाही. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेही आपल्यातल्या फार जणांना माहीत नाही. जखमींपैकी एकाने पत्रकारांना सांगितलं होतं की शिक्षेपेक्षा भरपाई मिळाली असती तर बरं झालं असतं. पाय गेलेला माणूस असंच बोलणार. त्याला जमावांपैकी कुठल्याच जमावात जागा नव्हती.

जुलैमध्ये ग्रुपवर पुन्हा मेसेज आला, "बारा जण सुटले." या वेळी इमोजी कमी होत्या, लिंका जास्त. एका लहान चुलतभावाने विचारलं, एवढी वर्षं काढून आलेल्या माणसाला कोण भाड्याने खोली देणार? त्यावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग मी मामूंना फोन लावला. आता त्यांना कमी ऐकू येतं. दोनदा सांगावं लागलं. ऐकून घेतलं आणि त्यांनी विचारलं, "काम काय करत होती ती पोरं, आधी?"

या वेळी मी वाचलेलं होतं. एकेकाचं सांगत गेलो.