कोरी उत्तरतालिका

राजपत्रित नागरी सेवा संयुक्त पूर्वपरीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने अखेर गुरुवारी पुढे ढकलली. परीक्षा रविवारी, २५ ऑगस्ट २०२४ रोजी होती. निर्णय झाला २२ तारखेला. मंगळवारी रात्रीपासून पुण्यात पोरे रस्त्यावर बसली, पुढारी त्यांच्यात जाऊन बसू लागले, मंत्रालयातून आयोगाला विनंत्या गेल्या, तेव्हा कुठे आयोगाच्या ध्यानात आले की त्याच रविवारी आयबीपीएस या बँकभरती करणाऱ्या संस्थेची बँक लिपिकपदाची परीक्षाही आहे. वास्तविक ही काही गुप्त वार्ता नव्हती. आयबीपीएस आपले वर्षभराचे वेळापत्रक जानेवारीतच जाहीर करते. २४, २५ आणि ३१ ऑगस्ट या तारखा त्यात तेव्हापासून होत्या. आयोगाने २५ ऑगस्ट मुक्रर केली ती त्यानंतर कित्येक महिन्यांनी. म्हणजे लाखो उमेदवारांच्या परीक्षेची तारीख ठरवताना एक पान उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. बरे, आयबीपीएस या राज्याला परकी आहे म्हणावे, तर आदल्याच वर्षी, २०२३ मध्ये, जिल्हा परिषदांच्या भरतीचे काम सरकारने याच संस्थेच्या हवाली केले होते.

मुळात ही परीक्षा होणार होती २८ एप्रिलला. मग ६ जुलै ठरली. मग २१ जुलै. मग २५ ऑगस्ट. शेवटी तारीखच उरली नाही. मधल्या काळात मराठा समाजाच्या आरक्षणाचा नवा कायदा आला, जाहिरात सुधारावी लागली, पदे २७४ वरून ५२४ झाली, हे आम्हाला मान्य आहे. कृषी सेवेची २५८ पदे याच परीक्षेत घ्या, ही मागणी तर वेगळीच चालू होती आणि ऑगस्ट उजाडला तरी तिचा निकाल लागत नव्हता. कृषी विभागाला आपल्याकडे किती जागा रिकाम्या आहेत हे मोजायला परीक्षा तोंडावर यावी लागते काय? कारणे असतात. प्रत्येक वेळी काही ना काही कारण असतेच. पण ते कारण वेळेवर, नीट, माणसाला माणसाने सांगावे तसे उमेदवाराला सांगायचे असते, ही साधी रीत या राज्यातून हद्दपार झाली आहे. आमचा संताप विलंबावर आहेच. त्याहून अधिक तो या मुक्या कारभारावर आहे.

हा मुकेपणा एकट्या आयोगाचा नाही, आणि एकट्या या सरकारचाही नाही. जिल्हा परिषदांच्या भरतीची कहाणी आठवा. मार्च २०१९ मध्ये साडेतेरा हजार पदांची जाहिरात निघाली. उमेदवारांनी प्रत्येक पदासाठी वेगळे शुल्क भरले. मग भरतीच्या परीक्षांसाठीचे महापरीक्षा पोर्टल बंद झाले, मग करोना आला, सरकारे बदलली, आरोग्य विभागाची पदे वेगळी काढली गेली, आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ती भरती चक्क रद्द झाली. साडेतीन वर्षे! तीत अर्ज केला तेव्हा तिशीच्या अलीकडे असलेला मुलगा भरती रद्द झाल्याचे पत्रक वाचताना तिशी ओलांडून गेला. शुल्क परत करू म्हणाले. पण त्यासाठीही उमेदवारानेच पुन्हा संकेतस्थळावर जायचे, बँक खात्याचा तपशील भरायचा आणि वाट पाहायची. पैसे घेताना खाते सापडते, परत देताना सापडत नाही, असा हा व्यवहार. पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये नव्याने जाहिरात निघाली. शुल्क खुल्या प्रवर्गाला हजार रुपये, मागास प्रवर्गाला नऊशे. एवढे शुल्क कशासाठी, असे विचारल्यावर सरकारी बाजूने समर्थन आले की शुल्क नसेल तर गंभीर नसलेले लोकही अर्ज करतात. उमेदवार किती गंभीर आहे ते कळण्यासाठी हजार रुपये. सरकार किती गंभीर आहे हे कळण्यासाठी उमेदवाराने कोणाकडे काय भरायचे?

आरोग्य विभागाची परीक्षा २०२१ च्या सप्टेंबरात आदल्या संध्याकाळी पुढे ढकलली गेली. ती पुढे ऑक्टोबरात झाली आणि तिची प्रश्नपत्रिका फुटली. त्याच वर्षी १२ डिसेंबरची म्हाडाची परीक्षा रद्द झाल्याचे तर मंत्र्यांनी मध्यरात्र उलटून गेल्यावर ट्विट करून सांगितले. पेपर फुटणार हे कळल्यावर परीक्षा थांबवली, ते योग्यच केले. पण त्या वेळी नांदेडची, गडचिरोलीची, सिंधुदुर्गाची मुले कुठे होती याचा विचार कोणाच्या मनाला शिवला का? ती एसटीत होती. परक्या शहरातल्या बसस्थानकाच्या बाकड्यावर सॅक उशाला घेऊन पडली होती. ओळखीच्याच्या ओळखीच्याकडे एका रात्रीसाठी टेकली होती. सकाळी केंद्राच्या फाटकावर पोहोचल्यावर काहींना रखवालदाराकडून कळले. अर्ज भरताना मोबाइल क्रमांक सक्तीचा, ई-मेल सक्तीचा, त्यावर आलेला ओटीपी टाकल्याखेरीज पान पुढे सरकत नाही. मग त्याच क्रमांकावर परीक्षा रद्द झाल्याचा एक ओळीचा संदेश पाठवायला नेमकी कोणती तांत्रिक अडचण आडवी येते?

तलाठी भरतीचेही तेच. ४,६४४ पदे, दहा लाखांहून अधिक अर्ज. नऊशे रुपयांनीच गुणले तरी शुल्काचा आकडा नव्वद कोटींच्या पुढे जातो. निकाल लागला आणि राज्याने पाहिले की दोनशे गुणांच्या परीक्षेत एका उमेदवाराला दोनशे चौदा गुण मिळाले आहेत. सामान्यीकरणाच्या पद्धतीत असे होऊ शकते. वेगवेगळ्या सत्रांतल्या सोप्या-अवघड प्रश्नपत्रिका एका पातळीवर आणताना गणित तसे जाते. पण हे आधी, सोप्या मराठीत, उदाहरण देऊन कोणी समजावले होते? खुलासा आला तो गदारोळ झाल्यावर. तोवर ज्याचे गुण कमी झाले तो लुटला गेल्याच्या भावनेने पेटला होता, आणि ज्याचे वाढले त्याच्याकडे गावात संशयाने पाहिले जात होते. पेपर खरोखर फुटणाऱ्या राज्यात अशा संशयाला खतपाणी घालावे लागत नाही. सरकारच्या मौनावर तो आपोआप वाढतो.

शिक्षकांचे तर विचारूच नये. अभियोग्यता चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली. त्यानंतरची थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या पाच वर्षांत डीएड-बीएड झालेल्यांनी काय करायचे होते, याचे उत्तर शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नव्हते. खासगी संस्थांत तुटपुंज्या मानधनावर राबत किंवा शेतावर जाऊन ते ‘लवकरच’ची वाट पाहत राहिले.

या मौनाची किंमत किती असते हे राज्याने एकदा पाहिले आहे. २०२१ च्या जूनअखेरीस पुण्याजवळच्या एका चोवीस वर्षांच्या तरुणाने जीव दिला. लोकसेवा आयोगाच्या पूर्व आणि मुख्य अशा दोन्ही परीक्षा तो उत्तीर्ण झाला होता. मुलाखत तेवढी दीड वर्षे होत नव्हती. घरावर कर्ज होते. त्यानंतर विधिमंडळात गदारोळ झाला आणि आयोगातल्या सदस्यांच्या रिक्त जागा ३१ जुलैपर्यंत भरू, असे आश्वासन दिले गेले. म्हणजे इतरांची भरती करणाऱ्या आयोगातच माणसे नव्हती, आणि ती भरण्याची घाई सुचायला एका मुलाला मरावे लागले. त्याआधी त्याच वर्षी मार्चमध्ये परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुढे ढकलली, मुले पुण्यात शास्त्री रस्त्यावर उतरली आणि लगोलग २१ मार्चची तारीख मिळाली. २०२४ मध्येही तेच झाले. रस्ता अडवला की दिवस-दोन दिवसांत हलणारी यंत्रणा अर्ज-विनंत्यांनी महिनोन्‌महिने हलत नाही. मग मुलांनी यातून काय शिकायचे? ती जे शिकली तेच त्यांनी त्या आठवड्यात करून दाखवले. क्लासवाल्यांनी फूस लावली, राजकारण्यांनी पोळी भाजून घेतली, असे आता म्हटले जाईल. भाजलीच असेल. चूल कोणी पेटवून दिली, ते आधी पाहावे.

ज्यांना या पुढे ढकलण्याने दिलासा मिळाला नाही, त्यांच्याविषयी तर कोणी बोललेच नाही. बँकेची परीक्षा न देणारे, आठ महिने या एकाच परीक्षेवर सारे पणाला लावून बसलेले उमेदवारही हजारोंनी होते. पेठांमधल्या अभ्यासिकेच्या खुर्चीचे भाडे, कॉट बेसिसची खोली, मेसचा डबा, टेस्ट सिरीज हा सगळा खर्च महिन्याच्या महिन्याला गावाकडून येतो. सोयाबीनला भाव नसला तरी येतो, बहिणीचे लग्न पुढे ढकलूनही येतो. परीक्षा एक महिना लांबली की हा खर्चही एक महिना लांबतो. जाहिरातीत मात्र त्याचा रकाना नसतो. वय तर कोणासाठीच थांबत नाही. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ ही मर्यादा. ती ओलांडलेल्याला करोनानंतर दिली तशी वाढीव संधी द्यायची की नाही, हेही दर वेळी आंदोलन करूनच मिळवायचे.

उलट उमेदवाराकडून हेच सरकार किती काटेकोरपणा मागते ते पाहा. नॉन-क्रीमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपली असेल, तर बाद. फोटो ठरलेल्या आकाराचा नसेल, तर बाद. उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची तर ठरलेल्या मुदतीत, ठरलेले शुल्क भरून, पुराव्यासह. मुदत उलटल्यावर एक मिनिट मिळत नाही. सर्व्हर सरकारचा बंद पडला तरी नाही. आणि सरकारवर मुदत? या राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिवासाचा दाखला किती दिवसांत द्यायचा ते त्यात ठरते, न दिल्यास अपील करता येते, अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. दाखल्याला मुदत आहे. त्या दाखल्यावर ज्या नोकरीसाठी अर्ज करायचा तिला नाही. जाहिरात ते परीक्षा, परीक्षा ते निकाल, निकाल ते नियुक्तिपत्र या प्रत्येक टप्प्याला कायद्याने कालमर्यादा घालायला काय हरकत आहे? राज्यसेवा २०१९ मधून निवडलेले ४१३ जण निकाल लागल्यावर वर्षाहून अधिक काळ नियुक्तीविना घरी बसून होते. न्यायालयातल्या आरक्षणाच्या वादामुळे ते झाले, हे ठीक. पण आपली फाइल आज कोणत्या टेबलावर आहे, हे त्यांना कळवायला कोणत्या न्यायालयाने मनाई केली होती?

हा रोग महाराष्ट्रापुरता नाही. रेल्वेने २०१९ च्या प्रारंभी एनटीपीसी या बिगरतांत्रिक श्रेणीची ३५ हजार पदे जाहीर केली, सव्वा कोटी अर्ज आले, पहिली परीक्षा २०२० च्या डिसेंबरअखेरीस सुरू झाली आणि निकालावरून जानेवारी २०२२ मध्ये बिहारमध्ये रेल्वे पेटल्या. दिल्लीपासून गल्लीपर्यंत सरकारांना रोजगार ‘देण्याची’ घोषणा करायची असते, पदे भरायची नसतात. अमृतमहोत्सवी वर्षात ७५ हजार पदांची घोषणा याच राज्याने ऐकली. २०२३ च्या सप्टेंबरात नऊ खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय आला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरात मागे घेतला गेला. २०२४ मध्ये सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी बारावी झालेल्याला सहा हजार आणि पदवीधराला दहा हजार विद्यावेतन जाहीर झाले. त्याची जाहिरात मात्र घराघरांत पोहोचली. योजनेचा हप्ता खात्यात पडल्याचा संदेश मिनिटात येतो. त्यासाठी संगणक आहेत, यंत्रणा आहे, मनुष्यबळ आहे. भरतीच्या उमेदवारासाठी तेवढे नसते.

परीक्षा पुढे ढकलली तेव्हा विधानसभेची २०२४ ची निवडणूक तोंडावर होती. आचारसंहिता लागली की पुढच्या प्रत्येक दिरंगाईला आयते निमित्त मिळणार होते. तेव्हा आयोगाने आठवड्याभरात नवी तारीख जाहीर करावी, ही आमची मागणी होती. ती ठरवताना देशातल्या अन्य परीक्षांचे वेळापत्रक पाहिले आहे, असे त्या पत्रकात लिहून द्यावे. कृषी सेवेच्या २५८ पदांचे काय करणार, ते त्याच पत्रकात सांगावे. आणि ते पत्रक संकेतस्थळाच्या एका कोपऱ्यात चिकटवून न ठेवता अर्ज केलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर पाठवावे. क्रमांक आयोगाकडे आहेतच.