बंदी मालाची कीं माणसाची ?

महसुलाच्या कचेरींत पुष्कळ वर्षें कारकुनी केल्यावर एक गोष्ट मनावर ठसली. कायद्याच्या मथळ्यावर एक हेतु लिहिलेला असतो आणि पोटांत पुष्कळदां दुसराच असतो. अंमली पदार्थांच्या पहिल्या कायद्यांचा इतिहास या दृष्टीनें शेतकरी बंधूंनीं पाहण्याजोगा आहे.

अमेरिकेंत सोन्याच्या खाणींवर व रेल्वेच्या कामावर चिनी मजूर मोठ्या संख्येनें गेले. पुढें रोजगार मंदावला, तेव्हां ते गोऱ्या मजुरांच्या डोळ्यांत सलूं लागले. १८७५ सालीं सॅन फ्रान्सिस्को शहरानें अफू ओढण्याच्या अड्ड्यांस बंदी केली. तीच अफू औषधाच्या बाटल्यांतून गोऱ्यांच्या घरीं राजरोस जात होती; तिला कोणीं हात लावला नाहीं. १८८७ च्या कायद्यानें तर अफूची आयात चिनी प्रजाजनांसच मना केली व अमेरिकन व्यापाऱ्यांस मोकळीक ठेविली.

इकडे हेतु तिजोरीचा होता. १८५७ च्या कायद्यान्वयें बंगाल इलाख्यांत परवान्यावांचून अफूचें पीक करतां येईना, आणि सगळा चीक सरकारी दरानें सरकारासच घालावा लागे. तो माल कलकत्त्यास लिलावांत विकला जाऊन चीनकडे जाई.

तथापि न्यायाची गोष्टहि सांगितली पाहिजे. भांग-गांजाविषयीं विलायतेच्या पार्लमेंटांत प्रश्न निघाला, तेव्हां १८९३ सालीं एक कमिशन नेमण्यांत आलें. त्यानें अकराशेंहून अधिक साक्षी घेतल्या. माफक सेवनानें विशेष अपाय नाहीं, अतिसेवनानें आहे. सबब सरसकट बंदी न करितां परवाना व कर यांनीं आळा घालावा, असा अभिप्राय त्यानें १८९४ सालीं दिला. तो कोणास पटो वा न पटो, आधीं विचारपूस तरी झाली.

अमेरिकेनें १९३७ सालीं त्याच झाडावर जाचक कराचा कायदा केला. मेक्सिकन मजुरांविषयीं उठविलेली भीति त्याच्या पाठीशीं होती. डॉक्टरांच्या संघाच्या प्रतिनिधीनें घेतलेली हरकत मानली गेली नाहीं. पुढें महायुद्धांत फिलिपिन्स बेटें जपानच्या हातीं गेलीं व दोरखंडाचा वाख येईनासा झाला. तेव्हां १९४२ सालीं तेथील शेतकी खात्यानेंच चित्रपट काढून शेतकऱ्यांस तेंच झाड लावण्याचा आग्रह केला ! युद्ध संपतांच तें झाड पुन्हां गुन्हेगार ठरलें. अखेर २०१८ सालीं अत्यल्प अंमलाच्या जातींची लागवड तेथें कायदेशीर झाली.

गांजा लावा, असें आम्ही म्हणत नाहीं. १९८५ च्या कायद्यानें तो गुन्हा आहे, आणि व्यसनानें धुळीस मिळालेलीं घरें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. परंतु वाख व बी यांकरितां त्या झाडाच्या लागवडीस सरकारास परवानगी देतां येते, अशी तरतूदहि त्याच कायद्यांत आहे. ती फार थोड्यांस ठाऊक असते. म्हणून आमची सूचना एवढीच कीं, कोणत्याहि पिकावर निर्बंध आला कीं आपल्या मंडळानें सरकारास तीन प्रश्न लेखी विचारावेत : पुरावा कोणता ? लाभ कोणाचा ? आणि भुर्दंड कोणावर ? उत्तर मिळालें तर कायदा आनंदानें पाळूं. न मिळालें तर पाळूं, पण विचारीत राहूं.