नव्याच्या वाटेवर जुन्यांचे काय?

दूरसंचाराच्या जगात ‘नवे’ हा शब्द अलीकडे आज्ञेसारखा उच्चारला जातो. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून सुखराम यांच्याशी देशातील पहिले मोबाईल संभाषण केले. त्या घटनेला पंचवीस वर्षे झाली, त्याच दिवशी मुकेश अंबानी यांनी टू-जी इतिहासजमा करण्याचे आवाहन केले. त्या वेळी टू-जीचे ग्राहक तीस कोटी होते, हे त्यांनीच सांगितले. तीस कोटी माणसे इतिहासजमा कशी करायची, असा आमचा सवाल आहे.

आम्ही प्रगतीचे वैरी नाही. पण समुद्रपूर तालुक्यातील कास्तकाराच्या खिशातील बटणांचा फोन हा मागासलेपणाचा बिल्ला नव्हे. हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा भाव काय, हे त्याला त्यावर कळते. बँकेचा संदेशही त्यावरच येतो. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि आपल्याच शेतातील पीक सातबाऱ्यावर नोंदवायला स्मार्टफोन हवा झाला. नवे तंत्र हे सोय म्हणून येते आणि पाहता पाहता अट होऊन बसते, ते असे.

स्वस्त फोर-जी फोन मिळतो, असे आम्हांस सांगितले जाईल. मिळतो, २०२३ साली ९९९ रुपयांचा फोन बाजारात आलाही. परंतु फोन एकदाच घ्यावा लागतो, रिचार्ज मात्र पुन्हापुन्हा. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढविले. ज्याला केवळ बोलायचे आहे त्यानेही डेटाचे पैसे मोजावेत, ही रीत इतकी रूढ झाली की, अखेर डिसेंबर २०२४ मध्ये ‘ट्राय’ला फक्त संभाषण व संदेशांसाठी वेगळे रिचार्ज देण्याचा आदेश काढावा लागला.

मोबाईलवरील दूरदर्शनची कथा याहून बोलकी आहे. २०१६ साली दूरदर्शनने १६ शहरांत ही सेवा सुरू केली. त्यांत मुंबई व औरंगाबाद होती, विदर्भातील एकही शहर नव्हते. आता ‘डायरेक्ट टू मोबाईल’ या तंत्राची चर्चा आहे. त्यात एकच लहर हवेतून सर्वांपर्यंत जाते. पाहणारे शंभर असोत वा लाख, इंटरनेट लागत नाही. गरिबाला खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल असे नवे हेच! आणि नेमका यालाच विरोध झाला. मोबाईल कंपन्यांना डेटाचे उत्पन्न बुडण्याची धास्ती. फोन बनविणाऱ्यांनी २०२३ साली प्रत्येक फोनमागे तीस डॉलर खर्च वाढेल असे सांगितले. म्हणजे, जुने बंद करताना ग्राहकाच्या खर्चाची चिंता नाही आणि फुकट दिसणारे नवे आणताना मात्र खर्चाचा बाऊ! जानेवारी २०२४ मध्ये सरकारने १९ शहरांत चाचण्यांचा मनोदय सांगितला. पुन्हा शहरेच.

आमचे मागणे साधे आहे. शेवटच्या ग्राहकाची सोय लागेपर्यंत टू-जी बंद होऊ नये. सरकारी नोंदीसाठी स्मार्टफोनची सक्ती नसावी. आणि मोबाईल दूरदर्शनची पुढची चाचणी महानगरात न होता समुद्रपुरासारख्या तालुक्यात व्हावी. कारण तंत्राची खरी परीक्षा जेथे त्याची गरज आहे तेथेच होते.