खोली पाहुण्यांची, कोपरा कुणाचा?

गेल्या काही वर्षांत नागावात घरोघरी खोल्या वाढल्या. एक वाडीत नारळी-पोफळीच्या कडेला, दुसरी पडवी बंद करून. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात. चादरी धुणं, मासळी साफ करणं, भाकऱ्या थापणं सगळं घरातली बाई करते. खोलीचं भाडं तिला तोंडपाठ असतं. पण तिची स्वतःची वही कुठे असते? धान्याच्या डब्यामागे, नाहीतर ट्रंकेच्या तळाशी.

बचतगटाच्या कामानिमित्त मी या घरांतून जाते. कुणी कविता लिहिते, कुणी चित्रं काढते, कुणी हळदीची नवी गाणी रचते. ‘फावल्या वेळात करते’ म्हणून सांगते, तेही हळू आवाजात. फावला वेळ! केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७.

जागेचा विषय काढला की बहिणाबाईंचं उदाहरण पुढे येतं. घरातली, शेतातली कामं करता करता त्यांनी गाणी रचलीच ना? रचली. पण त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, ती जपली म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक निघालं. ज्यांच्या घरात असं कुणी नव्हतं त्यांच्या गाण्यांचं काय झालं? व्हर्जिनिया वूल्फने १९२९ मध्ये बाईसाठी वर्षाला पाचशे पौंड आणि कुलूप लागणारी खोली मागितली होती. इथली बाई कमावते आहे, खोलीही झाडते आहे. फक्त दोन्हींवर तिचा हक्क कुणी धरत नाही, बरेचदा ती स्वतःही नाही.

सोमवार ते गुरुवार यातल्या बहुतेक खोल्या रिकाम्या असतात. त्यातली एक, दुपारचे दोन तास, बाईने सरळ घ्यावी. टेबल, दिवा, कुलपाची पेटी आणि आतून कडी. टेबलावरून भांडण होणार नाही, कडीवरून होईल. ‘आतून कडी कशाला?’ हा प्रश्न भाड्याने आलेल्या पाहुण्याला आपण कधी विचारत नाही.

आणि जिच्या घरात दुसरी खोलीच नाही, जी दिवसभर दुसऱ्याच्या वाडीत मजुरीला जाते, तिचं काय? तिच्यासाठी ग्रामपंचायतीने आपल्या ताब्यातली एखादी खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडी ठेवावी. २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा आपल्या आहेत. येत्या ग्रामसभेत अर्ज द्यायचा आहे, सह्या हव्यात.